मायदेशाची रजा : नगरच्या ह्यूम घराण्याच्या निमित्ताने

वाळूजहून अहिल्यानगरच्या, म्हणजे जुन्या अहमदनगरच्या, दिशेने निघाले की गंगापूर फाटा, भेंडाळा, कायगाव अशी गावे मागे पडतात आणि गोदावरीचा पूल येतो. पलीकडे टोके, प्रवरासंगम, पुढे नेवासा फाटा आणि मग वडाळा बहिरोबा. आज हा सारा प्रवास दीड-दोन तासांचा आहे. वाटेत आपण कोणती सरहद्द ओलांडली याची जाणीवही होत नाही. एकोणिसाव्या शतकात मात्र गोदावरीच्या अलीकडे निजामाचे राज्य होते आणि पलीकडे कंपनी सरकारचे, नंतर राणीचे. ख्रिस्ती मिशनांची वाटणीही साधारणपणे अशीच पडलेली होती. औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचे काम होते आणि रतनजी नवरोजी या पारशी समाजातून आलेल्या पाळकांनी ते दीर्घकाळ सांभाळले. जालन्यात नारायण शेषाद्री होते. नदीपलीकडे नगर, वडाळा, राहुरी या पट्ट्यात अमेरिकन मराठी मिशन होते.

या मिशनऱ्यांविषयी मराठीत लिहिले गेले नाही असे नाही. त्यांनी काढलेल्या शाळा, छापखाने, व्याकरणे आणि कोश, ‘ज्ञानोदय’, धर्मांतराचे वाद, दुष्काळातील अनाथालये या सर्वांवर आपल्याकडे बरीच चर्चा झाली आहे. परंतु या लेखनात एक गोष्ट हमखास आढळते. मिशनरी ‘येतो’ तेव्हापासून त्याची कथा सुरू होते. तो परत जातो, काही महिने किंवा एखाद-दोन वर्षे मायदेशी राहतो, नातलगांना भेटतो, ज्या मंडळ्यांच्या पैशावर त्याचा संसार आणि शाळा चालते त्या मंडळ्यांपुढे उभा राहून हिशेब देतो आणि पुन्हा बोटीत बसतो, हा भाग आपल्या इतिहासातून वगळला गेला आहे. आपल्या दृष्टीने तो त्या काळात ‘नसतो’. प्रस्तुत लेखाचा विषय हा नसण्याचा काळ आहे. तो काळ समजून घेतल्याशिवाय नगरला काय घडले आणि काय घडू शकले नाही, याचा पुरता उलगडा होत नाही, असे आम्हांस वाटते.

रजा नसलेली नोकरी

इंग्रजीत या रजेला जो शब्द आहे तो मराठी वाचकाला वृत्तपत्रांतून वेगळ्याच संदर्भात ठाऊक असतो. ‘फर्लो’ म्हणजे शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला काही दिवसांपुरती मिळणारी रजा. मूळचा हा डच शब्द. लष्करातील शिपायाला पलटण सोडून घरी जाण्याची जी परवानगी मिळे तिच्यासाठी तो इंग्रजीत रूढ झाला. शिपाई, कैदी आणि मिशनरी या तिघांसाठी एकच शब्द असावा यात थट्टेचा भाग थोडा आणि तथ्याचा भाग बराच आहे. तिघांनाही घरी जाण्याचा हक्क नसतो, परवानगी असते. आणि ती देणारा कोणीतरी दुसरा असतो.

आरंभीच्या मिशनऱ्यांना तर ही परवानगीही अपेक्षित नव्हती. अमेरिकन बोर्ड ही संस्था १८१० मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झाली आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईस उतरले. जाणारा मनुष्य जन्माचा निरोप घेऊनच निघत असे. शिडाच्या जहाजातून आफ्रिकेला वळसा घालून चार-पाच महिन्यांचा प्रवास करावयाचा, त्यात वादळे, देवी, पटकी. परत जाण्याचे कारण एकच मानले जाई, ते म्हणजे ढासळलेली प्रकृती.

हॉल यांच्या घराची कथा या दृष्टीने बोलकी आहे. १८२५ मध्ये त्यांच्या पत्नी मार्गारेट दोन मुलांना घेऊन अमेरिकेस निघाल्या. थोरला मुलगा वाटेत समुद्रावरच वारला. २० मार्च १८२६ रोजी इकडे नाशिक परिसरात दौऱ्यावर असताना हॉल यांना पटकीने गाठले आणि काही तासांत त्यांचा अंत झाला. पती एका खंडात, पत्नी दुसऱ्या खंडात, आणि मृत्यूची वार्ता पोहोचायला महिने. उरलेला धाकटा मुलगा पुढे अमेरिकेतच पाळक झाला. मुंबईच्या पहिल्या मराठी शाळांचा इतिहास लिहिताना आपण हॉल यांचे नाव घेतो. त्या शाळांची किंमत कोणकोणत्या घरांत चुकती झाली हे त्या इतिहासात येत नाही.

पुढील पिढीतही चित्र फारसे बदलले नाही. रॉबर्ट विल्सन ह्यूम आणि त्यांच्या पत्नी हॅना १८३९ मध्ये मुंबईस आले. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये नगरला सुरू झाला. तो मुंबईस आल्यावर ह्यूम यांनी त्याच्या संपादनाचा भार वाहिला. पंधरा वर्षांच्या सलग कामानंतर प्रकृती खालावली म्हणून १८५४ मध्ये हे दांपत्य मुलांसह मायदेशी निघाले. ह्यूम बोटीवरच वारले आणि त्यांना समुद्रात जलसमाधी देण्यात आली. नगरचे हेन्री बॅलंटाइन यांचेही तसेच झाले. मराठी ख्रिस्ती गीतांच्या आरंभकाळातले हे एक महत्त्वाचे नाव. तीस वर्षांच्या सेवेनंतर १८६५ मध्ये ते परत निघाले आणि वाटेतच गेले. मायदेशाची ओढ आणि मायदेशाची भेट यांच्यामध्ये समुद्र होता, आणि तो अनेकांना ओलांडता आला नाही.

कोणाचे घर?

हॅना ह्यूम लहानग्या मुलांना घेऊन न्यू इंग्लंडमध्ये उतरल्या. त्यांतील रॉबर्ट ॲलन हा तेव्हा सात वर्षांचा होता. (काँग्रेसच्या स्थापनेशी निगडित ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम ते हे नव्हेत. वाचकांचा घोटाळा होऊ नये म्हणून हा खुलासा.) रॉबर्टचा जन्म १८४७ मध्ये मुंबईत, भायखळ्यात झालेला. आईवडील ज्याला ‘घर’ म्हणत ते त्याने कधी पाहिलेच नव्हते. तेथे तो पोहोचला तो पितृहीन होऊन, आणि ज्याला मागे सोडून आला तेच त्याच्या आठवणीतले घर होते.

मिशनरी कुटुंबांतील हा पेच एकट्या ह्यूम घराण्याचा नाही. मराठी माणसाला तो ‘माहेर’ या शब्दाने चटकन समजावा. सासुरवाशिणीला माहेरची ओढ असते, कारण तिचे बालपण तेथे गेलेले असते. तिच्या मुलांना ते ‘मामाचे गाव’ असते. सुटीपुरते गोड, पण आपले नव्हे. मिशनरी आईबापांसाठी मॅसॅच्युसेट्स हे माहेर होते. त्यांच्या मुंबई-नगरात जन्मलेल्या मुलांसाठी ते मामाचे गाव होते. फरक इतकाच की या मुलांना सुटी संपल्यावर बहुधा तेथेच ठेवले जाई. हवा मानवत नाही, शिक्षणाची सोय नाही, आणि ‘नेटिव्ह’ संस्कारांचे भय ही त्यामागची कारणे. रजा संपवून आईबाप पुन्हा बोटीत बसत, आणि सात-आठ वर्षांचे मूल मावशीकडे, आजीकडे किंवा एखाद्या अनोळखी कुटुंबात राही. बॉस्टनजवळ ऑबर्नडेल येथे एलायझा वॉकर या मिशनरी विधवेने अशा मुलांसाठी घर उघडले ते याच निकडीतून. मिशनरी दांपत्याच्या गृहभेटीचा खरा शेवट बंदरावर होत असे आणि तो बहुधा ताटातुटीचा असे. नगरच्या शाळेतील मुलींना मायेने वाढविणाऱ्या मडमसाहेबांची स्वतःची मुलगी त्या वेळी दहा हजार मैलांवर परक्या घरी वाढत असण्याची शक्यता पुष्कळ होती. ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे त्या मायेकडे पाहण्याची आपली दृष्टी थोडी बदलते.

१८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि आगबोटींनी महिन्यांचा प्रवास आठवड्यांवर आणला. त्यानंतर रजा हा अपवाद न राहता नियम होऊ लागला. आठ-दहा वर्षे काम, मग वर्ष-दीड वर्ष मायदेशी, असे चक्र बसले. परतीची शाश्वती आली, तसे जाणे सोपे झाले. पण त्याबरोबर रजेचे स्वरूपही पालटले. पूर्वी मनुष्य मरणाच्या दारातून परत जात होता; आता तो कामासाठी परत जाऊ लागला.

मंडळ्यांपुढचा हिशेब

हे काम कोणते? अमेरिकन बोर्डाचा आधार होता तो मुख्यतः न्यू इंग्लंडमधील काँग्रिगेशनल मंडळ्यांचा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी मिशनकार्यासाठी प्रार्थनासभा भरत असे. तीत बोर्डाच्या ‘मिशनरी हेरल्ड’ या मासिकातील पत्रे वाचली जात, वर्गणी गोळा होई. १८६८ मध्ये बॉस्टनच्या स्त्रियांनी स्वतःचे निराळे मंडळ काढले आणि मुलींच्या शाळांचा, अविवाहित मिशनरी स्त्रियांचा खर्च उचलण्यास सुरुवात केली. शेतकऱ्याची बायको, गिरणीतली कामगार मुलगी, रविवारच्या शाळेतील पोर, सर्वांची नाणी या पेटीत पडत. नगरच्या मुलींच्या शाळेची पाटी-पेन्सिल अशा नाण्यांतून येत होती.

पत्राने जे साधत नाही ते प्रत्यक्ष माणूस उभा राहिल्याने साधते. म्हणून रजेवरच्या दांपत्याला विश्रांती नावापुरतीच असे. आज या गावी, उद्या त्या गावी; साहेब देवळात बोलत, मडमसाहेब दुपारी स्त्रियांच्या सभेत. साडी, पितळी मूर्ती, ताडपत्र, नकाशा असे काहीबाही सोबत असे. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतला कामगार दिवाळीला गावी जातो तेव्हा शहराविषयी तो जे सांगतो ते पूर्ण खोटे नसते आणि पूर्ण खरेही नसते. ऐकणाऱ्यांना काय ऐकायचे आहे हे त्याला ठाऊक असते. मिशनऱ्याची स्थिती अशीच होती; फक्त त्याच्या सांगण्यावर शाळांचे आयुष्य अवलंबून होते.

येथे एक मूलभूत अडचण उभी राहते. देणारा का देतो? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याचे उत्तर सरळ होते. ज्यांनी ख्रिस्ताचे नाव ऐकले नाही असे कोट्यवधी लोक क्षणोक्षणी सार्वकालिक नाशाकडे जात आहेत. त्यांना वाचविले पाहिजे. हे चित्र जितके काळेकुट्ट, तितकी पेटी जड. परंतु नगर जिल्ह्यात दहा-वीस वर्षे काढलेल्या माणसाने ज्या लोकांबरोबर भाकरी खाल्ली, ज्यांच्या आजारात रात्री जागवल्या, ज्यांच्या घरातली म्हातारी माणसे पाहिली, त्याला हे चित्र तसेच्या तसे रंगविणे जमेलच असे नाही. गावात एक भाषा आणि मायदेशी दुसरी भाषा, अशी त्याची ओढाताण होई. बहुतेकांनी ती मुकाट्याने सोसली. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांनी ती उघड केली, आणि त्याची किंमत मोजली.

१८८६ : एका रजेचा खटला

रॉबर्ट ॲलन येल येथून १८६८ मध्ये पदवीधर झाले, पुढे अँडोव्हरच्या ईश्वरविज्ञान विद्यालयात शिकले आणि १८७४ मध्ये नगरला आले. म्हणजे खरे तर परत आले. त्यांच्या पहिल्या पत्नी ॲबी या एबेनेझर बर्जेस यांच्या कन्या. बर्जेस यांनी नगरच्या मिशनमध्ये असताना संस्कृताचा अभ्यास केला आणि त्यांचा ‘सूर्यसिद्धान्ता’चा इंग्रजी अनुवाद १८६० मध्ये प्रसिद्ध झाला. १८७८ मध्ये ह्यूम यांनी नगरला ईश्वरविज्ञान विद्यालय उभे केले. म्हणजे मराठी पाळक-उपदेशक घडविण्याचे काम हाती घेतले. १८८१ मध्ये ॲबी वारल्या. १८८५ मध्ये ह्यूम रजेवर अमेरिकेस गेले.

त्या वेळी अँडोव्हरमध्ये एक वाद पेटलेला होता. तेथील काही प्राध्यापकांनी असा विचार मांडला होता की, ज्यांना या जन्मी ख्रिस्ताची ओळख होण्याची संधीच मिळाली नाही, त्यांना न्यायी आणि दयाळू परमेश्वर मरणानंतर तरी ती देईल, असे मानण्यास जागा आहे. जुन्या मताच्या लोकांना हा पाखंड वाटला. त्यांचा आक्षेप धर्मशास्त्रीय होता, तसाच व्यावहारिकही होता. मरणोत्तर संधी आहे असे म्हटले की मिशनकार्याची नसच तुटली. मग लोकांनी मुले का पाठवावीत आणि पैसे का द्यावेत? बोर्डाचे गृहचिटणीस एडमंड ऑल्डन हे या जुन्या मताचे होते, आणि नव्या मिशनऱ्यांची निवड त्यांच्या नजरेखालून होत असे.

हा प्रश्न अमेरिकेत जितका पंडिती वाटे तितका तो येथे पंडिती नव्हता. नव्याने ख्रिस्ती झालेला मनुष्य पहिल्या काही दिवसांतच विचारी, ‘माझ्या आईचे काय? आजाचे काय? त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.’ गोव्यात १५४२ मध्ये उतरलेल्या फ्रान्सिस झेविअर यांना पुढे जपानमध्ये नेमका हाच प्रश्न पडला. आपल्या पूर्वजांची सुटका नाही हे ऐकून नवे ख्रिस्ती रडतात, असे त्यांनी १५५२ च्या सुमाराच्या पत्रात नमूद केले आहे. भाद्रपदाच्या पितृपंधरवड्यात गेलेल्यांना घास ठेवणाऱ्या आपल्या समाजात या प्रश्नाची धार किती असेल हे सांगावयास नको. महार, मांग वस्तीतील जो मनुष्य गावकीचे बंध तोडून मंडळीत आला, त्याला वाडवडिलांचे बंधही असे तोडावे लागावेत, ही अट क्रूर होती. आणि ती सांगण्याचे काम नगरच्या विद्यालयातून बाहेर पडणाऱ्या उपदेशकांना करावे लागणार होते.

१८८६ मध्ये अँडोव्हरच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात ह्यूम यांनी या नव्या विचाराविषयी उघड सहानुभूती दाखविली. एखाद्या तरुण विद्यार्थ्याने हे म्हटले असते तर ते दुर्लक्षिले गेले असते. पण हा माणूस प्रत्यक्ष रणभूमीवरून आलेला होता. मिशनकार्याची नस तुटेल असे जे घरी बसून सांगत होते, त्यांना कार्यावरचाच माणूस सांगत होता की तुटत नाही. परिणाम व्हायचा तोच झाला. बोर्डाच्या कार्यकारी समितीने त्यांना परत पाठविण्याचा निर्णय अडवून धरला. ऑक्टोबर १८८६ मध्ये आयोवातील दे मॉइन येथे बोर्डाची वार्षिक सभा झाली. हा वाद तेथे जाहीरपणे, कडाडून झाला. ह्यूम रजेवर आले होते. आता त्यांची रजा संपू दिली जात नव्हती.

या प्रसंगाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. नगरचा एक शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांकडे परत जाईल की नाही, याचा निर्णय आयोवातील आणि बॉस्टनमधील सभागृहांत होत होता. नगर जिल्ह्यातील मंडळ्यांना त्या सभांत मत नव्हते. ज्यांच्या आईबापांच्या गतीविषयी हा सारा वाद चालला होता ते लोक त्या खोलीत नव्हते. अखेर पत्रव्यवहार आणि खुलासे होऊन १८८७ मध्ये ह्यूम यांना परतण्याची परवानगी मिळाली. पण त्याच वर्षी स्प्रिंगफील्डच्या वार्षिक सभेने तत्त्व म्हणून जुनीच भूमिका कायम ठेवली. माणूस सोडला, मत सोडले नाही. बोर्डाची ही पकड सैल व्हायला १८९३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ऑल्डनही पदावरून दूर झाले.

१८८७ मध्येच ह्यूम यांचा दुसरा विवाह केटी फेअरबँक यांच्याशी झाला. वडाळ्याचे सॅम्युएल फेअरबँक यांच्या या कन्या. वाळूजहून नगरला जाताना आपण ज्या वडाळ्यावरून जातो तेच हे वडाळा. केटी विवाहापूर्वीच नगरच्या मुलींच्या शाळेत काम करीत होत्या. पतीपत्नी दोघेही मिशनरी घरात वाढलेले, दोघांचेही आप्त दोन खंडांत विखुरलेले. या दांपत्याला ‘मायदेश’ कोणता हे विचारले असते तर उत्तर देताना थोडे थांबावे लागले असते.

उलट दिशेचे प्रवासी

नेमक्या याच काळात त्याच प्रदेशात दुसरा एक मराठी आवाज घुमत होता. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियास आल्या आणि पुढे जवळपास तीन वर्षे अमेरिकेत फिरल्या. गावोगावी व्याख्याने, छोट्या वर्गण्या, स्त्रियांची मंडळे, हे सारे तंत्र मिशनऱ्यांच्या रजेतील दौऱ्यांचेच होते. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे खर्च उचलण्याचे मान्य केले. त्यातून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पण रमाबाईंनी एक गोष्ट वेगळी साधली. त्यांनी मिशनच्या पेटीपासून दूर, कोणत्याही पंथाला न बांधलेला निधी उभा केला. ज्या वर्षी ह्यूम यांना त्यांच्याच मंडळ्या जाब विचारीत होत्या, त्याच वर्षी रमाबाई त्याच समाजाकडून अटींविना मदत मिळवीत होत्या. अर्थात हे स्वातंत्र्यही टिकणे कठीण होते. १८९३ मध्ये सदनातील धर्माचरणावरून वाद झाला, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि दोन्ही बाजूंना तोंड देणे म्हणजे काय हे रमाबाईंनाही कळले.

त्याआधीचे उदाहरण आपल्या मराठवाड्यातील आहे. जालन्याचे नारायण शेषाद्री हे १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण. जालन्याजवळ त्यांनी ‘बेथेल’ हे ख्रिस्ती गाव वसविले. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस ते गेले. पागोटे घातलेला हा वक्ता स्कॉटलंड-अमेरिकेतील मंडळ्यांपुढे उभा राहिला तेव्हा त्याचे कौतुक खूप झाले. पण त्याची ही गृहभेट नव्हती. ह्यूम यांना दूषण देणाऱ्या सभेतही त्यांचे वर्गमित्र, नातलग, शेजारी होते. वाद घरातला होता. शेषाद्रींना तेथे आतिथ्य होते, घर नव्हते. आणि इकडे बाप्तिस्म्याच्या दिवशीच जातभाईंनी दार लावलेले. नव्या ख्रिस्ती माणसाला फर्लो नव्हता. त्याला परत जाण्याजोगे घर एकाही किनाऱ्यावर उरत नसे. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना लक्ष्मीबाई टिळकांच्या विनोदामागे हेच दुःख जाणवते.

रजेचे फलित

ह्यूम यांच्या रजेचे फळ काय? पहिले फळ असे की, नगरचा प्रश्न बोर्डाच्या सभागृहात पोहोचला. मिशनरी तेथून येथे विचार आणतो, असेच आपण समजतो. येथे वाहतूक उलट झाली. १८९३ च्या शिकागो येथील सर्वधर्म परिषदेत, ज्या व्यासपीठावर विवेकानंद आणि मुंबईचे बी. बी. नगरकर बोलले त्याच व्यासपीठावर, ह्यूम यांनी ख्रिस्ती आणि हिंदू विचारांतील साम्यभेदांवर निबंध वाचला. १९०५ मध्ये मिशनकार्याकडे पाहण्याच्या आधुनिक दृष्टीवर त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. देव आधीपासूनच या देशात कार्य करीत आला आहे, हा त्यातील सूर १८८६ च्या सभेत खपला नसता.

दुसरे फळ रोकड स्वरूपाचे आहे. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात अमेरिकेतून पैसा आणि धान्य आले. न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’च्या आवाहनावरून ‘क्विटो’ ही मक्याने भरलेली बोट १९०० मध्ये मुंबईस लागली. मदत वाटपाच्या कामी ह्यूम अग्रभागी होते आणि त्यासाठी त्यांना सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. दूरच्या गावातील अनोळखी माणूस नगरच्या उपाशी माणसासाठी पैसे देतो, तो तारेवरची बातमी वाचून क्वचितच. बहुधा त्याने नगरचा माणूस कधीतरी आपल्या देवळात उभा राहिलेला पाहिलेला असतो. रजेतील दौऱ्यांनी विणलेले जाळे अशा वेळी उपयोगी पडले, हे मान्य केलेच पाहिजे. त्या जाळ्याबरोबर अनाथ मुलांचे धर्मांतरही आले, हेही तितकेच खरे.

तिसरे फळ हे फळ नव्हे, न सुटलेला प्रश्न आहे. पैसा कोठून येतो यावर सत्ता कोठे राहते हे ठरते. ह्यूम यांच्यासारख्या गोऱ्या, येलच्या पदवीधराला जर दारात तिष्ठावे लागले, तर मिशनच्या पगारावरील मराठी पाळकाचे काय असेल? नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो मिशनऱ्याच्या हातून नव्हे, तुकाराम नथोजी या मराठी पाळकाच्या हातून. नगरला ते ह्यूम यांच्या विद्यालयात शिकवीत. दोघांत स्नेह होता. तरीही १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. १८८६ ची हकीकत जाणणाऱ्याला या निर्णयात केवळ कवीची लहर दिसणार नाही. ज्याचा हिशेब परदेशी मंडळीपुढे द्यावा लागत नाही अशी भक्ती टिळकांना हवी होती.

या कथेतील शेवटचे नाव जस्टिन ॲबट यांचे. त्यांचे आईवडीलही नगरच्या मिशनमधले. १९१० मध्ये निवृत्त होऊन ते न्यू जर्सीतील समिट या गावी स्थायिक झाले. ही रजा कायमची होती. तेथे बसून त्यांनी महाराष्ट्रातील संतकवींचे इंग्रजी अनुवाद करावयास घेतले, आणि १९२६ पासून ती माला पुस्तकरूपाने निघू लागली. १९२९ च्या खंडात संत बहिणाबाईंचे आत्मनिवेदन आहे. त्या बहिणाबाईंचा जन्म वेरूळजवळच्या देवगावचा आणि समाधी वैजापूर तालुक्यातील शिऊरची. म्हणजे वाळूजपासून एखाद्या एस.टी.च्या अंतरावरची. मायदेशी परतल्यावर मिशनऱ्याने आपल्या लोकांना काय सांगावयाचे, या जुन्या प्रश्नाला ॲबट यांनी दिलेले हे उत्तर होते. यात वर्गणीचे आवाहन नव्हते आणि अंधारात चाचपडणाऱ्या लोकांचे वर्णनही नव्हते. येथील एका बाईने स्वतःविषयी जे सांगितले तेच त्यांनी पुढे ठेवले. मॅसॅच्युसेट्सच्या मंडळ्यांनी शंभर वर्षे मराठी माणसाविषयी पुष्कळ ऐकले होते. मराठी माणसाचे ऐकण्याची ही संधी त्यांना फार उशिरा मिळाली, आणि तीही एका निवृत्त माणसाच्या रिकामपणामुळे. आपल्या मिशन-इतिहासाच्या अभ्यासकांनी या रजांची दप्तरे मराठी डोळ्यांनी वाचण्यास घेतली, तर अशा आणखी कितीतरी उशिरा पोहोचलेल्या गोष्टी हाती लागतील.